११० सीसीची गाडी, कच्ची वाट आणि सोमवारचं ऑफिस

नमस्कार दादा,

माझ्याकडे ११० सीसीची साधी मोटरसायकल आहे, रोज ऑफिसला तिच्यावरच जाते. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर पहिल्यांदाच डांबर सोडून कच्च्या रस्त्याला लागले. पहिला अर्धा तास इतकी मजा आली की काय सांगू! मग एका वळणावर बारीक खडी दिसली, मी पायाचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सर्रकन घसरलं. वेग अगदीच कमी होता. तरी गुडघा सोलला आणि क्लचचा लिव्हर तुटला. मित्र म्हणाले, ‘ही गाडी यासाठी नाहीच. मोठी ऑफरोड गाडी घे, नाहीतर निदान बटन टायर (उठावदार ठोकळ्यांच्या नक्षीचे) आणि उंच शॉकअप तरी टाक.’ दुसरी गाडी मला परवडणार नाही आणि हीच गाडी सोमवारी सकाळी धडधाकट हवी असते. हिच्यावर ऑफरोड शिकता येईल का? आणि पुढचा ब्रेक मी दाबलाच नव्हता, तर पुढचं चाक घसरलं कसं?

— एक पडलेली, पण न हटलेली

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुम्ही का पडलात ते तिथेच आहे. तुमच्या गाडीला बहुधा कॉम्बी ब्रेक असणार. लहान गाड्यांना हल्ली तो सर्रास असतो. पायाचा ब्रेक दाबला की मागच्या चाकाच्या ड्रम ब्रेकबरोबर एक केबल पुढचा ब्रेकही थोडा ओढते. डांबरावर ही सोय चांगली आहे, एरवी पुढच्या ब्रेकला घाबरणाऱ्या माणसालाही त्याचा फायदा आपोआप मिळतो. पण खाली सुटी खडी आणि वर हँडल वळलेलं, अशा वेळी पुढच्या चाकाला तेवढाही ब्रेक सोसत नाही. त्याची असेल नसेल ती पकड वळण घेण्यातच खर्ची पडलेली असते. त्यात ब्रेक लागला की चाक फिरायचं थांबतं, आणि न फिरणारं चाक हँडल कुठेही वळवा, सरळच घसरत जातं. तुम्ही पडलात ते अगदी नियमाप्रमाणे पडलात.

स्वतः तपासून बघा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, एकाला मागून दाबून पुढचं चाक अधांतरी धरायला सांगा आणि दुसऱ्याला ते हाताने फिरवायला. मग पायाचा ब्रेक सावकाश दाबत जा. बऱ्याच गाड्यांत सुरुवातीला फक्त मागचं चाक धरलं जातं आणि जोर वाढला की पुढचं अडायला लागतं. ती जागा कुठे येते हे तुमच्या तळपायाला ठाऊक हवं, कारण मातीत तुम्हाला कायम तिच्या अलीकडे राहायचं आहे. ती केबलच काढून टाक, असं सांगणारा एखादा हुशार नक्की भेटेल. त्याचं ऐकू नका. सोमवारी सकाळी रहदारीत तुम्हाला तोच ब्रेक लागणार आहे.

आता मोठा प्रश्न. हो, या गाडीवर शिकता येईल, आणि मला विचाराल तर नवशिक्याने अशाच गाडीवर शिकावं. तुमच्या गाडीचं वजन साधारण ११० किलोच्या आसपास असेल. मित्र सुचवतात त्या वर्गातल्या बऱ्याच गाड्या २०० किलोच्या घरात जातात. शिकताना गाडी आडवी होणार, एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी ती उभी करायची आहे, आणि तिसऱ्यांदा उचलताना दोनशे किलो म्हणजे काय हे पाठीला कळतं. शिवाय इंजिनाची ताकद आठ-नऊ हॉर्सपॉवर, त्यामुळे घाबरून मनगट जरा जास्त फिरलं तरी गाडी अंगावर धावून येत नाही. लहान गाड्या मातीत चालत नाहीत हे तर इतिहासालाही मान्य नाही. होंडाची सुपर कब १९५८ साली आली आणि २०१७ पर्यंत त्या मालिकेच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. तिच्याच घराण्यातली सीटी ११० ऑस्ट्रेलियातल्या टपाल खात्याने कित्येक वर्षं पत्रं वाटायला वापरली, म्हणजे दिवसभर गवतावरून, मातीवरून, फुटपाथच्या कडांवरून चढउतार.

मात्र गाडीची मर्यादा नेमकी कुठे आहे ते समजून घ्या, म्हणजे गाडी मोडणार नाही. ती मर्यादा ताकदीची नाही, शॉकअपची आहे. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन ३०० मिलिमीटरच्या आसपास दबतं. तुमच्या गाडीचं त्याच्या निम्म्यानेही दबत नाही. हळू गेलात तर खड्डा चाकाखालून निघून जातो. त्याच खड्ड्यात दुप्पट वेगाने शिरलात तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे शॉकअपचे दोन पाइप, तळाला आपटतो, आणि तो दणका रिम, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि तुमची मनगटं वाटून घेतात. ‘ठक्’ असा लोखंडी आवाज ऐकू आला की वेग जास्त झालाय असं समजायचं आणि तिथेच कमी करायचा. उड्या मारायच्या नाहीत. मित्र मारतील, मारू द्या.

दुसरी गोष्ट पोटाखालची. एकदा जमिनीवर बसून गाडीच्या खाली बघा. बऱ्याच साध्या गाड्यांत फ्रेमचा पाइप इंजिनाखालून जात नाही, इंजिनच फ्रेमला टांगलेलं असतं. त्यामुळे वर आलेला दगड थेट इंजिनाच्या खोक्याला किंवा ऑइल काढायच्या बोल्टला लागतो. खोकं तडकलं तर ऑइल गळून जातं आणि तुमचा सोमवार तिथेच संपतो. जमिनीपासून इंजिनापर्यंतचं अंतर १६०-१७० मिलिमीटर धरा. तुमच्या हाताची वीत साधारण त्याहून थोडी मोठी भरेल. मुठीएवढ्या दगडांवरून जा, वीतभर उंच दगडाला वळसा घाला.

मित्रांनी सुचवलेल्या खर्चाकडे वळू. बटन टायर आता नकोत. मऊ मातीत ते पकडतात हे खरं, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड साध्या टायरपेक्षा कमी पडते, आणि तुमचा आठवड्यातला बहुतेक प्रवास डांबरावरच आहे. सध्याचे टायर झिजले की त्याच मापात थोड्या खोल, ठसठशीत नक्षीचे, दोन्हीकडे चालणारे घ्या. उंच शॉकअपला तर मी साफ नाही म्हणेन. मागची बाजू उचलली की पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, गाडी वळायला चंचल होते, साईड स्टँड आखूड पडतो, आणि सीट उंच झाल्यामुळे नेमका गरजेच्या वेळी पाय जमिनीला पुरत नाही.

पैसे खर्च करायचेच तर पायांवर करा. घोटा झाकणारे, कडक तळाचे बूट पहिले. हळू वेगात पडताना डोक्यापेक्षा आधी पाय सापडतो, कारण गाडी कलली की आपण सहज पाय टाकतो आणि गाडी त्याच पायावर येते. त्यानंतर गुडघ्याचे-कोपराचे गार्ड आणि हातमोजे. हेल्मेट हनुवटी झाकणारं हवं, ते तुमच्याकडे असेल असं धरून चालतो.

हवेचं सांगतो, कारण यात लोक टोकाला जातात. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि खडीवर नाचत नाही. पण तुमच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर फार कमी हवेत दोन गोष्टी होतात. दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला जोडीने दोन भोकं पडतात. किंवा टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी, त्याखाली नको. खिशात हवा मोजायचं मीटर आणि डिकीत हातपंप ठेवा. डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा पूर्ण भरायची.

आणखी एक बिनखर्चाचं काम. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर ज्या क्लॅम्पने हँडलला आवळलेले असतात, त्यांचे स्क्रू किंचित सैल करा, इतपत की हाताने जोर लावला तर लिव्हर हँडलभोवती फिरला पाहिजे, पण चालवताना जागेवर राहिला पाहिजे. गाडी पडली की लिव्हर मुडपून न तुटता फिरून जातो. शिवाय क्लचचा एक जादा लिव्हर सीटखाली टाका. ब्रेक लिव्हर तुटला तर पायाच्या ब्रेकवर सावकाश घर गाठता येतं, क्लच लिव्हरशिवाय मात्र रडकुंडीला येतो माणूस.

आता शिकायचं कसं. मित्रांच्या मागे लगेच डोंगरात जाऊ नका. मोकळं, सपाट, कच्चं मैदान शोधा. कुणाच्या मालकीचं असेल तर विचारून जा. पेरलेल्या रानात, चराऊ गवतात आणि राखीव जंगलात चाक घालायचं नाही. पहिले काही दिवस फक्त पहिला गिअर. अर्धा क्लच धरून, मागचा ब्रेक हलका लावून, माणूस चालतो त्याहून हळू गाडी चालवता येते का बघा. इंजिन थोडं ओढत असतं, ब्रेक थोडा रोखत असतो आणि या ओढाताणीतून गाडी स्थिर होते. मग दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा. हे दिसायला पोरकट वाटतं, मित्र हसतील. पण खडीवर, चाकोरीत, चढावर, जिथे म्हणून तुम्ही अडकाल, तिथे हाच क्लचवरचा ताबा कामाला येणार आहे. मध्येमध्ये थांबत चला, सतत अर्ध्या क्लचने प्लेटा तापतात. लिव्हर सुटायची जागा सरकल्यासारखी वाटली किंवा जळका वास आला तर दहा मिनिटं इंजिन बंद.

त्याच मैदानावर मुद्दाम मागचं चाक घसरवून बघा. सरळ रेषेत, दुसऱ्या गिअरला, क्लच धरून पायाचा ब्रेक दाबा. इथे कॉम्बीची ती जागा लक्षात ठेवा आणि तिच्या अलीकडेच थांबा. मागचं चाक घसरलं तरी गाडी पडत नाही, थोडी शेपटी हलवते, ब्रेक सोडला की सरळ होते. हे अंगाला एकदा कळलं की मातीतली निम्मी भीती जाते. पुढचं चाक घसरणं वेगळं, त्याला बहुतेक वेळा माफी नसते. म्हणून वेग जो काय कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरलात की ब्रेकवरून पाय काढा, रेस हलकी कायम ठेवा आणि नजर वळण जिथे संपतं तिथे. खडीकडे बघत राहिलात तर गाडी खडीतच जाईल.

उभं राहून चालवायचं की बसून? मोठ्या गाड्यांचे लोक सांगतात, सतत उभे राहा. तुमच्या गाडीचं हँडल खाली आहे आणि फूटरेस्टला रबर आहे. पूर्ण उभं राहिलात तर कंबरेत वाकून हँडलवर भार टाकावा लागतो, आणि ओल्या रबरावरून बूट सटकतो. म्हणून अर्धवट उठा. गुडघ्यांनी टाकी धरा, सीटवरून चार बोटं वर या, हात सैल. एवढ्यानेही खड्ड्याचा दणका कंबरेत न जाता मांड्या झेलतात. वळताना बसा, टाकीच्या जवळ सरकून. अंग सरळ ठेवा, गाडी खाली कलू द्या आणि वळणाच्या बाहेरच्या फूटरेस्टवर भार टाका. डांबरावर आपण गाडीबरोबर आत कलतो, इथे उलट, त्यामुळे सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल.

वाळूत लहान गाडीचं अरुंद चाक रुततं. वाळू आली की घाबरून रेस सोडण्याची इच्छा होते आणि नेमकं तेच करायचं नसतं. रेस सोडली की भार पुढे येतो, पुढचं चाक खुपसतं, हँडल हातातून फिरतं. मागे सरका, दुसऱ्या गिअरला ओढत ठेवा, हँडल थोडं डावी-उजवीकडे हललं तर हलू द्या. गाडी रुतलीच तर रेस देऊन खड्डा खोल करू नका. उतरा, इंजिन चालू ठेवून बाजूने चालत ढकला. ११० किलोची गाडी आहे, निघते.

चाकोरीत शिरलात तर तळाकडे न बघता पुढे बघा आणि तिच्यातूनच बाहेर पडा. मधूनच कड चढायला गेलात तर पुढचं चाक कडेला घासून पाडतं. चिखलाचं म्हणाल तर चिकण मातीच्या चिखलात जाऊच नका. साध्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला जवळजवळ टेकलेलं असतं. त्या फटीत माती गच्च भरते आणि चाक अक्षरशः जाम होतं. एकदा तशी गाडी काडीने उकरत बसलात की पुन्हा चिखलाची हौस उरणार नाही.

चढाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ताकद कमी असल्यामुळे तुम्ही कधी ना कधी मध्येच अडकणार. चढ सुरू होण्याआधीच पहिला किंवा दुसरा गिअर पक्का करा, मध्यावर बदलू नका. तरीही इंजिन बंद पडलं तर क्लच दाबू नका. आपल्याला सवय असते लगेच क्लच दाबायची, आणि दाबला की गाडी मागे सुटते. गिअरमध्ये बंद पडलेलं इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. लहान इंजिनाची ती पकड फार नसते, म्हणून पुढचा ब्रेकही दाबून ठेवा. मग पाय चढाच्या वरच्या बाजूला टेका, त्याच बाजूला उतरा आणि गाडी शांतपणे आडवी झोपवा. खालच्या बाजूला कधीही उतरू नका, गाडी अंगावर येते. मग पुढचं चाक धरून, ओढत ओढत गाडीचं तोंड उताराकडे करा, उभी करा, बसा आणि पहिल्या गिअरला इंजिनाच्या रोधावर खाली या. हे सगळं आधी अगदी छोट्या, दोन पुरुष उंचीच्या टेकाडावर करून बघा. उतारावर क्लच दाबून नुसत्या ब्रेकवर यायचं नाही. इंजिन लागलेलं राहू दे, मागचा ब्रेक जेमतेम, पुढच्या ब्रेकवर एकच बोट आणि तेही गाडी सरळ असताना.

पाण्याचं सोपं आहे. आधी स्वतः चालत जाऊन बघायचं. पाणी चाकाच्या मधल्या दांड्यापर्यंत असेल तर पहिल्या गिअरला संथपणे, न थांबता. त्याहून वर असेल तर परत फिरा. पाण्यात गाडी पडली आणि इंजिन बंद झालं तर किक किंवा बटण मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. गाडी बाहेर काढा, प्लग खोला, मग किक मारून पाणी बाहेर उडू द्या, एअर फिल्टर बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते बदलल्याशिवाय सुरू करायची नाही. पाणी ओलांडल्यावर ओले ड्रम ब्रेक लागत नाहीत, म्हणून थोडं अंतर ब्रेक हलके दाबत जा, ते सुकतात.

रविवारी संध्याकाळी अर्धा तास गाडीसाठी राखून ठेवा. आधी धुवा, म्हणजे काय सैल झालंय ते दिसतं. चेन साफ करून तेल, तिची ढील पुस्तकात दिल्याप्रमाणे. चाक फिरवून रिम डुलते का पाहा. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर पाना हलका वाजवा, सैल तार बद्द वाजते. पुढचं चाक अधांतरी धरून फोर्क मागेपुढे हलवा, ‘टक्’ असं हाताला लागलं तर कोनसेट आवळायला झालाय. लिव्हरचे स्क्रू, हवा, दोन्ही ब्रेक, दिवे. धुळीतून आला असाल तर एअर फिल्टर उघडून बघा, तुमच्या गाडीसाठी पुस्तकात जी मुदत दिलेली आहे ती स्वच्छ रस्त्यांसाठी आहे.

मित्रांबरोबर पुन्हा जालच, जावंही. एकट्याने तर जाऊच नका, मोबाइल लागत नाही अशा ठिकाणी पाय गाडीखाली अडकला तर उचलणारा कोणीतरी हवा. फक्त एक अट घाला: सगळ्यात पुढे तुम्ही आणि वेग तुमचा. मागे राहिलात की मोठ्या गाड्यांना गाठायच्या नादात तो लोखंडी आवाज पुन्हा ऐकू येईल. आणि तुटलेला लिव्हर बदलला नसेल तर जाताना दोन घ्या, एक लावायला, एक सीटखाली.